आखरावर पुन्हा दंडार-नाटक सुरू करायचं आहे, मधोमध पक्का स्टेज होऊ द्यावा का?

चुलबंदकाठ

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे पण पूर्ण वाचा, 2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे अन् त्याच्या आधी मला काहीतरी पक्कं बोलता आलं पाहिजे.

गाव आमचं भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात. गावाच्या मधात आखर आहे, म्हणजे गुरं जमायची मोकळी जागा. एका अंगाला मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा वाडा, आता पडला आहे पण समोरची मोठी भिंत अजून उभी आहे, दुसऱ्या अंगाला मारुतीचं देऊळ अन् पिंपळाचा पार, तिसरीकडं घरांच्या ओसऱ्या ओळीनं, अन् चौथी बाजू तळ्याकडं जायच्या वाटेला मोकळी. सकाळी गावची गुरं इथंच जमा होतात अन् मग गायकी, म्हणजे गुराखी, त्यांना चराले नेतो. दिवाळीत गायगोधन, म्हणजे गुरांचा सण, इथंच, अन् भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की दिवसा दुकानं, रात्री दंडार (गोल फिरून नाच-गाण्याचा खेळ) नाही तं खडी गंमत (आमच्याकडचा तमाशा) नाही तं गावच्याच पोरांचं नाटक, सगळं याच मातीवर. आजोबा सांगत की मालगुजारी होती तोवर दंडारीची बिदागी वाड्यातून यायची, 1951 ला मालगुजारी गेली तशी गावानं वर्गणी करून चालवलं, पण बंद नाही पडू दिलं.

मी सहावीत असताना शेवटचं नाटक झालं आखरावर. त्यानंतर वडश्याच्या नाटक कंपनीचं बुकिंग करायचं, गावाबाहेरच्या धानाच्या बांधीत मंडप टाकायचा अन् तिकीट लावायचं असं सुरू झालं. ते नाटकही मला आवडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आखर सुना झाला तो झालाच.

यंदा आम्ही दहाबारा पोरांनी ठरवलं की मंडईला आखरावर दंडार करू, गावात दोन म्हातारे आहेत ज्यांना अजून सगळी गाणी येतात. अन् नेमकं त्याच वेळी 2515 मधून, म्हणजे गावातल्या कामांच्या सरकारी योजनेतून, निधी आला. प्रस्ताव असा की आखराच्या मधोमध सिमेंटचा तीन फूट उंच स्टेज, वर टिनाचं शेड, अन् बाकी सगळीकडं पेव्हिंग ब्लॉक. अर्धे पोरं म्हणतात चांगलंच झालं, आयता स्टेज भेटला. मले आतून वाटून राहिलं की हे झालं तं आखर आखर राहणार नाही, पण सभेत उभं राहून कारण काय सांगू? स्टेज नको म्हटलं तं लोक म्हणतील विकासाला आडवा येते. ज्यांनी अशा जागेवर काम केलं आहे त्यांनी सांगा जी.

तीस_सीझन_उभा

बाबू, तुझं वाटणं बरोबर आहे. कारण मी सांगतो, कारण मी दोन्ही केलं आहे, लहानपणी दंडार अन् नंतर कंपनीत तीस सीझन नाटक.

दंडारीला समोर अन् मागं असं काही नसते. लोक गोल बसतात, आम्ही मधात गोल फिरतो, ढोलकीवाला अन् टाळवाले आमच्यासोबत फिरतात, गाण्याची एक ओळ देवळाकडं तोंड करून म्हटली तं दुसरी ओसऱ्यांकडं जाते. प्रत्येकाला वाटते आपल्यासाठीच म्हणून राहिला. खडी गंमत तं नावातच आहे, उभं राहून, वाद्य कमरेला बांधून, अन् शाहीर पुढं सरकला की लोक मागं सरकतात, लोकांतूनच एखादा सवाल करते अन् नाच्या त्याला जवाब देते. आता तू मधात तीन फूट सिमेंट उभं केलं तं तिच्यावर चढून दंडार कोणासमोर करशील? तीन बाजूंना पाठ होते. खाली करायची म्हटली तं मधली जागाच गेली. म्हणजे ज्यासाठी बांधलं तेच तिथं होणार नाही.

नाटकाचं वेगळं आहे, त्याला पाठ पाहिजे. पडदा लागते, विंग लागते, रंगायची खोली लागते, प्रॉम्प्टर लपाले जागा लागते. पण ती पाठ जागेच्या काठाला पाहिजे, मधात नाही. तुमच्या वाड्याची भिंत सांगतोस ना, ती पाठ आहे. जुन्या लोकांनी नाटक तिकडंच लावलं असंन, विचार म्हाताऱ्यांना.

आमच्या गावी स्टेज उंच करतच नव्हते. समोरची जमीन उतारानं खणायची, निघालेली माती मागं टाकून दाबायची की झाला ओटा, अन् खणलेल्या उतारात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरून लोक बसत, त्यामुळं मागच्यालाही पुढच्याचं डोकं आड येत नाही. सीझन संपला की माती परत लोटून द्यायची. उन्हाळ्यात तिथंच लग्नाच्या पंगती. दर साली खणायचं अन् दर साली बुजवायचं, अन् त्या खणायच्या कामाला गावातला प्रत्येक घरचा माणूस यायचा म्हणून नाटक त्याचं व्हायचं. पक्का स्टेज बांधला की खणाले कोणी येत नाही.

तोंडाला मुरदाडशिंग लावून गॅसबत्तीच्या उजेडात बायकी पार्ट केले आहेत मी, दहा वाजता घंटा झाली की पहाटे पाच वाजेस्तोवर. 2023 ला आपल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तवा आमच्या घरात सण झाला होता जी. झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचा, नट अशाच गावातल्या मातीवर तयार होते. म्हणून सांगतो, मधली माती सोडू नको.

आरमोरी_साउंड

भाऊ मी मंडप अन् साउंडचं काम करतो, झाडीपट्टीत पंधरा वर्षं झाले. दादांनी खेळाचं सांगितलं, मी जागेचं सांगतो.

एक तं टिनाचं शेड. टिनाखाली आवाज घुमते, हँगिंग माइक लावले की शिट्टी मारते, अन् आपल्या नाटकात तं सगळा खेळ वर टांगलेल्या माइकवरच चालते कारण नट फिरत राहते. माइक खाली केला तं नटाच्या डोक्याला लागते, वर केला तं टिनाचा आवाज पकडते. शिवाय पहाटे थंडीत टिनाला खालून दव धरते अन् थेंब थेंब पडते, माझा एक मिक्सर तसाच गेला. शेडचे खांब बसणाऱ्याच्या नजरेत येतात ते वेगळंच. कापडी छत कधीही चांगलं, रात्री बांधा सकाळी सोडा.

दुसरं, पेव्हिंग ब्लॉक. मंडपाचे बांबू-बल्ल्या दीड-दोन फूट गाडाव्या लागतात. ब्लॉक टाकले की पहिल्याच सालापासून लोक ते उपसणार अन् दोन वर्षांत सगळं खालीवर होणार, मी किती गावात पाहिलं आहे. काही पक्कं करायचंच असंल तं फक्त काठाकाठानं करा, अन् त्याच वेळी जमिनीत लोखंडी पाइपचे तुकडे उभे पुरून ठेवा, वरून झाकण. मंडईला झाकण काढायचं, बल्ली घालायची. खर्च जवळपास काहीच नाही पण इंजिनिअर स्वतःहून कधी करणार नाही, त्याला सांगावं लागते.

तिसरं, तोंड कुणीकडं. थंडीत वारा बहुधा उत्तरेकडून असते. स्टेजची पाठ उत्तरेला आली तं वारा आवाज घेऊन लोकांकडं जाते, उलटं झालं तं मागच्या माणसाला अर्धं ऐकू येत नाही अन् मग ऑपरेटर आवाज वाढवते अन् पुढचे कान धरतात. वाड्याची भिंत कोणत्या दिशेला आहे ते पाहून घे. मागं अशी मोठी भिंत असली तं नटाचा आवाज पुढं फेकला जाते हा फायदा वेगळा. पण पडकी आहे म्हणतोस तं आधी गवंडी बोलावून तपासून घे, वरचे दगड ढिले असतील तं भिंतीपासून दहा-बारा फूट सोडूनच लावायचं, यात हयगय करायची नाही.

अन् वीज आकडा टाकून घेऊ नका, तात्पुरता मीटर काढा. अर्थिंग माझ्यासमोर झाल्याशिवाय मी एकही लाइट लावत नाही. ओल्या तणसात लोक बसलेले असतात, लेकरं असतात.

बाकी पक्क्या स्टेजशिवाय मोठा खेळ होत नाही असं कोणी म्हटलं तं त्याला रामनगरची रामलीला सांग, बनारसच्या समोर गंगेपलीकडं. मी स्वतः जाऊन पाहिली. महिनाभर चालते, आजही माइक नाही अन् विजेचे दिवे नाही, मशाली अन् पेट्रोमॅक्स. अयोध्या एकीकडं, लंका दुसरीकडं, प्रसंग बदलला की हजारो लोक उठून चालत पुढच्या जागेवर जातात. गावच स्टेज आहे तिथं. रामलीलेची परंपरा 2008 ला युनेस्कोच्या यादीत गेली. मी साउंडवाला असून सांगतो, माइकशिवाय इतके लोक इतके शांत बसलेले मी दुसरीकडं नाही पाहिले.

धानउत्पादक_71

मला पटलं नाही. मंडई सालातून एकदा. बाकी 364 दिवस आखरात चिखल, पावसाळ्यात गुडघाभर, लेकरं शाळेत जाताना घसरतात. मयत झाली तं बसाले सावली नाही, लग्नाला दरवेळी मंडपाचा खर्च. शेड झालं तं गरिबाच्या पोरीचं लग्न फुकटात होते. हे पण बघा.

चुलबंदकाठ

@धानउत्पादक_71 काका तुमचं खरं आहे, चिखलाचं तं मी पण भोगलं आहे. शेड नकोच असं नाही म्हणत, मधात नको एवढंच. देवळाच्या मागं ग्रामपंचायतीची रिकामी जागा आहे, सध्या उकिरडा आहे तिथं, शेड तिकडं झालं तं लग्नाला स्वयंपाकाची जागा पण होईल. आखराचं पाणी मात्र तळ्याच्या वाटेनं काढून द्यावंच लागंल.

ओसरीवरची

मी लाखनीकडची, लग्न होऊन आता पवनी तालुक्यात. बायकांच्या बाजूनं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या माहेरी नाटक चौकात व्हायचं तेव्हा माझी आजी ओसरीवर गोधडी घेऊन बसायची. तिचे गुडघे दुखायचे, ती कुठंच जात नव्हती, तरी तिनं दर साली नाटक पाहिलं, कारण नाटक तिच्या दारात यायचं. आई भांडी घासून, धाकट्याला निजवून अर्ध्या अंकात यायची अन् तिला कोणी विचारत नव्हतं कुठं चालली, दार उघडलं की चौक. मग नाटक गावाबाहेर गेलं, तिकीट आलं, रात्री दोन वाजता बांधीतून अंधारात परत यायचं म्हणजे घरचे माणसं सोबत पाहिजे. आजीचं बंद झालं त्याच वर्षी. आईचं दोन-तीन वर्षांनी. बंद झालं असं कोणी ठरवलं नव्हतं, जागा बदलली एवढंच, अन् बायका गळाल्या.

माझ्या लग्नानंतर एकदा मंडईला माहेरी गेले तेव्हा आजी विचारत होती, आता नाटकात बायका खरोखरच्या बायकाच असतात म्हणे, खरं का? तिनं साड्या नेसलेले पुरुषच पाहिले होते सगळा जन्म. तिला नेऊन दाखवावं असं फार वाटलं पण खुर्चीवर उचलून नेण्याइतके माणसं नव्हते घरात त्या दिवशी. ते राहूनच गेलं.

म्हणून भाऊ, दंडार आखरावरच करा, अन् ओसऱ्यांसमोर खुर्च्यांची रांग लावू नका, ओसरीवरच्या म्हातारीला दिसलं पाहिजे. शाळेचं नाही तं अंगणवाडीचं बाथरूम रात्रभर उघडं ठेवा, पाणी भरून, बाहेर बल्ब लावून. एवढं केलं तं बाया शेवटपर्यंत बसतात, नाही तं मध्यांतराला उठून जातात अन् लोक म्हणतात बायकांना आवड नाही.

निळी_पहाट

सगळं वाचलं, चांगलं चाललं आहे. एक गोष्ट कोणीच काढली नाही ती मी काढतो, राग मानू नका.

माझे आजोबा खडी गंमतीत ढोलकी वाजवायचे. पंचक्रोशीत नाव होतं. आखरात ढोलकी वाजली की सगळं गाव डोलायचं, पण वाजवून झालं की त्यांनी पारावर बसायचं नाही, पाणी वरून ओंजळीत घ्यायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी तळ्याच्या वाटेवर उभ्यानं बघायचं. ज्या मोकळ्या बाजूचं तू कौतुक केलं, तशीच आमच्या गावची मोकळी बाजू म्हणजे आमच्या लोकांची जागा होती. 1956 नंतर आजोबांनी ते सगळं सोडलं, ढोलकी नाही सोडली. मग बुद्धविहारासमोर भीमगीतं अन् जलसे, रात्र रात्र. माझे वडील तिथं घडले, मी पण.

तेव्हा जुनं पुन्हा सुरू करायचं म्हणता तं त्यातलं नेमकं काय ते ठरवा. दंडार गोल आहे म्हणता, समोर-मागं नाही म्हणता, चांगलं आहे, मग बसणंही खरोखर गोल होऊ द्या. वर्गणी सगळ्या मोहल्ल्यातून घ्या अन् मंडळात सगळ्या मोहल्ल्यांची पोरं घ्या, फक्त वाजवाले नाही, हिशोब ठेवाले पण. एक रात्र दंडारीची असली तं एक रात्र जलशाची, त्याच आखरावर, त्याच पारासमोर. असं झालं तं मी स्वतः ढोलकी घेऊन येतो, लाखांदूर मला दूर नाही.

चुलबंदकाठ

@निळी_पहाट दादा, राग कशाचा. खरं सांगू, मी लिहिताना चौथी बाजू मोकळी एवढंच लिहिलं अन् तिथं कोण बसत होतं हा विचारच केला नव्हता. संध्याकाळी आजीला विचारलं. ती थोडा वेळ काहीच नाही बोलली, मग म्हणाली, हो, तिकडंच बसत होते ते. मी आज त्या मोहल्ल्यात जाऊन आलो. चार पोरं येतो म्हणाली, त्यातल्या एकाचं अक्षर चांगलं आहे, खजिनदारी त्याच्याकडं देणार आहोत. जलशाची रात्र पक्की समजा.

दर्यापूरकर

आमी वऱ्हाडातले, आमच्या इकडं दंडार नाही पन पाराची गोष्ट सांगतो. गाडगेबाबा आमच्याच भागातले, शेंडगावचे. आमच्या गावी म्हातारे सांगत, बाबा आले की आधी खराटा हातात, दिवसभर गाव झाडायचं, त्यायच्या मांगं मांगं लोक झाडायले लागत, अन् ज्या जागी झाडलं त्याच जागी रात्री कीर्तन. ना स्टेज ना गादी. अन् कीर्तनात एकटे बोलत नव्हते, समोरच्यालेच सवाल टाकायचे अन् त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे, म्हनजे आयकनाराच अर्धं कीर्तन करे. 1956 ले बाबा गेले पन आमच्या गावात अजूनई सप्ताहाच्या आधी सगळे मिळून पार झाडतात, मशीन असून हातानं. तुमी पन मंडईच्या आधी एक दिवस सगळ्या गावाले झाडायले बोलवा. ज्यानं जागा झाडली तो ते जागा खोदू देत नाही कोनाले.

निवृत्त_ग्रामसेवक

कागदाचं सांगतो, कारण भावना बरोबर असून कागदात हरलेली गावं मी पाहिली आहेत.

निधी परत जाईल अशी भीती घालतील. प्रशासकीय मान्यता अन् कार्यारंभ आदेश निघाले का ते आधी ग्रामपंचायतीत विचारा. नसतील निघाले तर जागा बदलणं सोपं आहे. निघाले असतील तरी जागाबदलाचा ठराव करून वर पाठवता येतो, वेळ जातो इतकंच. सभेत "विरोध" हा शब्दच वापरू नका. ठराव असा मांडा: आखराची मधली जागा गुरं, गायगोधन, मंडई व लोककलेसाठी कायम मोकळी ठेवावी, सभामंडप देवळामागील जागेत घ्यावा, व आखरातील पाण्यासाठी नाली करावी. सूचक-अनुमोदकाची नावं इतिवृत्तात आलीच पाहिजेत, सही करण्याआधी वाचून घ्या. अन् महिला ग्रामसभा आधी होते, तिथं हा विषय आला तर जोर वाढतो, ओसरीवरच्या ताईंचं म्हणणं तिथंच मांडायला सांगा कोणाला तरी.

कार्यक्रमाचं: लाउडस्पीकरचा नियम रात्री 10 ते सकाळी 6 बंद असा आहे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त 15, रात्री 12 पर्यंत सूट असते, ते दिवस जिल्ह्यात जाहीर होतात, त्यात तुमची तारीख आहे का बघा. पोलीस स्टेशनची परवानगी लेखी घ्या. नाटक करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आयत्या वेळी धावपळ होते म्हणून आताच पाठवा.

तीस_सीझन_उभा

ग्रामसेवक साहेब बरोबर सांगतात. रातभर जागायचे दिवस मला फार प्यारे आहेत, तरी पोरांनो दंडार दिवे लागणीला सुरू करा अन् दहाच्या आत संपवा. पहिल्या साली दोन-अडीच तास पुरे. गाणी सगळी येत असली तरी पायाला सराव नाही तुमच्या, घुंगरं बांधून तासभर गोल फिरून पाहा म्हणजे समजंल. अन् म्हाताऱ्यांची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, पण शिका समोर बसून. ओळीच्या शेवटी श्वास कुठं घ्यायचा अन् ढोलकी कुठं थांबते हे त्यांच्याकडं पाहिल्याशिवाय येत नाही.

चुलबंदकाठ

मंडळी, काल ग्रामसभा झाली. तीन तास चालली, इतके लोक मी पहिल्यांदा पाहिले. महिला सभेत माझ्या काकूनं विषय काढला होता, त्यामुळं सरपंचांना आधीच माहीत होतं. मान्यता अजून निघाली नव्हती. ठराव झाला, शेड देवळामागं, आखराच्या मधात काहीच नाही, नाली तळ्याकडं. पेव्हिंग ब्लॉकवर मात्र लोक ऐकले नाही, ओसऱ्यांसमोर चार फुटांची पट्टी होणार, चिखलापायी. ठीक आहे म्हटलं. त्या पट्टीत पाइपचे तुकडे टाकायचं मी इतिवृत्तात लिहून घेतलं. भिंत गवंड्यानं पाहिली, वरचे दोन थर उतरवून घेणार आहे, नाटक पुढच्या साली, यंदा फक्त दंडार अन् जलसा.

तालीम परवापासून देवळात, रोज रात्री आठ वाजता, धान कापणी सुरू व्हायच्या आधी जेवढी होईल तेवढी. झाडायचा दिवस मंडईच्या आदल्या दिवशी ठेवला आहे.

आता एकच अडचण. देवळात टांगलेली जुनी ढोलकी उतरवली, खोड चांगलं आहे पण एका बाजूचं पान फाटलं आहे अन् दोरी कुजली. आमच्या इकडं मढवणारा माणूस राहिला नाही. साकोली, वडसा, ब्रह्मपुरी, कुठंही चालंल, कोणाला चांगला कारागीर माहीत असंल तं फक्त गाव अन् बाजाराचा वार सांगा, मी ढोलकी घेऊन येतो.